पातळ औषध: बाटली कधी हलवायची, पाणी कधी घालायचं आणि चमचा कोणता?

वातावरण बदललं की ग्रामीण भागात लेकरांचा ताप, सर्दी, खोकला, हगवण सुरू होते आणि घरोघरी देवळीत, टीव्हीच्या बाजूला, फ्रिजवर औषधाच्या बाटल्या दिसू लागतात. गोळीचं एक बरं असतं. अर्धी म्हटलं की अर्धी, एक म्हटलं की एक. पातळ औषधात मात्र किती औषध लेकराच्या पोटात गेलं हे ते पाजणाऱ्याच्या हातावर असतं. डॉक्टरने बरोबर लिहून दिलं, दुकानदाराने बरोबर दिलं, तरी चुलीजवळच्या पोह्याच्या चमच्याने सगळं गणित बिघडू शकतं.

त्यातच २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने २० हून अधिक लेकरांचा जीव गेला. त्यातली बरीच लेकरं उपचाराला नागपुरात आणली होती. तेव्हापासून अनेक आईबाप पातळ औषधाला घाबरतात. भीती समजण्यासारखी आहे. पण सगळ्या बाटल्या फेकून देणं हा काही त्यावरचा उपाय नाही. बाटलीत नेमकं काय असतं ते समजून घेतलं तर बरीचशी काळजी घरीच घेता येते.

विरघळलेलं आणि न विरघळलेलं

शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी शिकवायची गरज नाही. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल पंपात टाकलं की पाण्यात पूर्ण विरघळतं. मग पंप तासभर उभा राहिला तरी वरचं पाणी आणि खालचं पाणी सारखंच. मॅन्कोझेबची पावडर मात्र विरघळत नाही, ती पाण्यात तरंगते. ढवळलं नाही तर बुडाशी बसते. पहिल्या ओळींवर नुसतं पाणी आणि शेवटच्या ओळींवर औषधच औषध, अशी फवारणी होते.

माणसाच्या पातळ औषधात हेच दोन मुख्य प्रकार आहेत. ज्यात औषध पूर्ण विरघळलेलं असतं ते द्रावण. ते आरपार दिसतं, रंग असला तरी गढूळ नसतं. द्रावणात भरपूर साखर असेल तर त्याला सिरप म्हणतात. दुसरा प्रकार सस्पेंशन. यात औषधाचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. ते दुधाळ किंवा गढूळ दिसतं आणि ठेवून दिलं की कण हळूहळू खाली बसतात. ॲसिडिटीवरचं पांढरं-गुलाबी औषध, जंतांचं औषध, बरीचशी अँटिबायोटिक औषधं या प्रकारात येतात. तापाचं पॅरासिटामॉल दोन्ही प्रकारांत मिळतं.

सस्पेंशनच्या बाटलीवर इंग्रजीत ‘शेक वेल बिफोर यूज’ असं छापलेलं असतं. म्हणजे वापरण्याआधी चांगली हलवा. हे शोभेला लिहिलेलं नसतं. न हलवता पाजलं तर पहिले दोन दिवस लेकराला पातळ औषध जातं, ताप उतरत नाही आणि घरचे म्हणतात ‘या डॉक्टरच्या दवाईचा गुणच येत नाही’. शेवटच्या दोन-चार चमच्यांत मात्र बुडाशी बसलेलं सगळं जातं आणि डोस जास्त होतो. प्रत्येक वेळी, हो प्रत्येक वेळी, दहा-पंधरा वेळा वरखाली हलवून मगच माप भरावं. आरपार द्रावण हलवलं तरी काही बिघडत नाही. म्हणून ओळखता येत नसेल तर सरळ हलवावं.

द्रावणाचा फायदा असा की औषध आधीच विरघळलेलं असतं. गोळीला पोटात फुटावं लागतं, विरघळावं लागतं, मग ती रक्तात जाते. द्रावण त्यामुळे थोडं लवकर लागू पडतं. शिवाय ज्यांना गोळी गिळता येत नाही, म्हणजे लहान लेकरं, लकवा मारलेले म्हातारे, नाकातून नळी घातलेले रुग्ण, त्यांना देता येतं आणि वजनाप्रमाणे डोस कमी-जास्त करता येतो. तोटेही आहेत. गोळीपेक्षा पातळ औषध लवकर खराब होतं, सांडतं, त्यात साखर असते. घरात शुगरचा पेशंट असेल तर खोकल्याचं औषध घेताना दुकानदाराला तसं सांगून बिनसाखरेचं मागावं.

एकाच नावाच्या तीन बाटल्या

सर्वात जास्त घोळ इथे होतो. पॅरासिटामॉलची पातळ औषधं बाजारात साधारण तीन ताकदीत मिळतात. एकात ५ एमएलमध्ये १२५ एमजी औषध असतं. दुसऱ्यात ५ एमएलमध्ये २५० एमजी. आणि तान्ह्या लेकरांच्या ड्रॉप्समध्ये १ एमएलमध्येच १०० एमजी.

समजा डॉक्टरने दहा किलोच्या लेकराला एका वेळी १२५ एमजी द्यायला सांगितलं. पहिल्या बाटलीतून ते ५ एमएल होतं. दुसऱ्या बाटलीतून अडीच एमएल. ड्रॉप्समधून फक्त सव्वा एमएल. आता मागच्या वेळी ‘५ एमएल’ सांगितलं होतं म्हणून कोणी ड्रॉप्सच्या बाटलीतून ५ एमएल पाजलं तर ५०० एमजी गेलं. म्हणजे चौपट. ‘लहान बाटली म्हणजे हलकी दवाई’ असा समज गावात पक्का आहे. तो उलटा आहे. तान्हं लेकरू जास्त पातळ पदार्थ पिऊ शकत नाही म्हणून थोड्या थेंबांत जास्त औषध भरलेलं असतं. ड्रॉप्सच सर्वात कडक.

पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे एका वेळी किलोमागे १० ते १५ एमजी देतात, दोन डोसांत किमान चार ते सहा तास अंतर ठेवतात आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस देत नाहीत. त्याहून जास्त वारंवार गेलं तर लिव्हर खराब होतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता थेट दवाखान्यात न्यावं. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्येही पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. एका बाटलीतून तापाचं आणि दुसरीतून सर्दीचं, असं दोन्ही दिलं की नकळत दुप्पट होतं. दोन बाटल्या दिल्या असतील तर दुकानातच विचारावं, ‘दोन्हीत तापाची दवाई तर नाही ना?’

दुकानदार कधी लिहिलेली कंपनी नसली तर दुसरी देतो. त्यात काही गैर नाही, पण ताकद तीच आहे का हे बघावं. नाव तेच आणि आकडा वेगळा असेल तर माप बदलतं.

चमचा

डॉक्टरचा ‘एक चमचा’ म्हणजे ५ एमएल. घरातला चमचा कोणताही असू शकतो. कुणाकडे चहाचा बारका, कुणाकडे भाजीचा खोल. मोठा जेवणाचा चमचा १५ एमएलपर्यंत जातो, म्हणजे तिप्पट. बाटलीसोबत मापाचं टोपण, प्लॅस्टिकचा चमचा किंवा ड्रॉपर येतो, तोच वापरावा. टोपण सपाट जागी ठेवून, डोळे त्याच्या पातळीत आणून रेष बघावी. हातात धरून तिरपं पाहिलं की एक-दीड एमएल इकडेतिकडे होतं.

लहान लेकरासाठी सुई काढलेली ५ एमएलची नवी सिरिंज सर्वात चांगली. पाच-दहा रुपयांत मेडिकलवर मिळते. औषध ओढून लेकराला थोडं बसतं धरावं आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडावं. नाक दाबून, आडवं पाडून घशात ओतण्याची जुनी पद्धत धोक्याची आहे, औषध श्वासनळीत जातं. दुधाच्या पूर्ण बाटलीत औषध मिसळू नये. लेकरू अर्धं दूध टाकून देतं आणि किती औषध गेलं ते कळत नाही.

आणि हे स्पष्ट सांगायला पाहिजे: कीटकनाशक मोजायचं टोपण किंवा सिरिंज कितीही धुतली तरी घरातल्या औषधाला वापरायची नाही. औषधाच्या रिकाम्या बाटलीत फवारणीचं औषध काढून ठेवायचं नाही. लेकरांना बाटली ओळखीची असते, गोड असते, ती तोंडाला लावतात.

पावडरची बाटली

काही अँटिबायोटिक बाटलीत पावडर म्हणून येतात. त्याला ड्राय सिरप म्हणतात. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम ही नेहमीची उदाहरणं. कारण साधं आहे. ही औषधं पाण्यात गेली की हळूहळू मोडायला लागतात. दुकानात वर्षभर टिकावीत म्हणून कोरडी ठेवतात आणि वापरायच्या दिवशी पाणी घालतात. संत्र्याला मारायचं बोर्डो मिश्रण जसं त्याच दिवशी वापरावं लागतं, उद्यावर टाकता येत नाही, तसंच हे. फक्त इथे मुदत दिवसांची असते. अमॉक्सिसिलिन साधारण ७ दिवस चालतं, इतर औषधांची मुदत लेबलवर दिलेली असते.

पाणी उकळून पूर्ण थंड केलेलं घ्यावं. काही कंपन्या पाण्याची छोटी कुपी सोबत देतात, तेच घालावं. गरम पाणी घालू नये, औषध खराब होतं. आधी बाटली हातावर आपटून पावडर मोकळी करायची. मग निम्मं पाणी घालून जोरात हलवायचं, गाठी राहू द्यायच्या नाहीत. नंतर बाटलीवर किंवा लेबलवर रेष असते तिथपर्यंत पाणी. फेस बसल्यावर पातळी खाली जाते, तेव्हा परत रेषेपर्यंत भरायचं. बरेच जण फेसालाच पातळी समजतात आणि पाणी कमी पडतं. उलट ‘थोडं जास्त दिवस पुरेल’ म्हणून रेषेच्या वर पाणी घातलं तर प्रत्येक चमच्यात औषध कमी, जंतू मरत नाहीत. जमत नसेल तर दुकानातच पाणी घालून घ्यावं. नाही कोणी म्हणत नाही.

पाणी घातलेली तारीख बाटलीवर पेनाने लिहावी. बाटलीवर छापलेली एक्स्पायरी ही कोरड्या पावडरची असते, पाणी घातल्यानंतरची नाही. मागच्या महिन्यातली उरलेली बाटली धाकट्या भावाला द्यायचा प्रकार इथेच फसतो. काही ड्राय सिरप पाणी घातल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. घरी फ्रिज नसेल, लोडशेडिंग असेल तर ते डॉक्टरला आधीच सांगावं, दुसरं औषध लिहून देता येतं.

तयार सिरपमध्ये मात्र पाणी कधीच घालायचं नाही. साध्या सिरपमध्ये वजनाने दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असं घट्ट प्रमाण असतं. इतक्या साखरेत जंतू वाढत नाहीत, लोणच्यात मिठाने किंवा मुरंब्यात साखरेने जे होतं तेच. पाणी घालून पातळ केलं की ते संरक्षण संपतं.

विष आलं कुठून?

आता छिंदवाड्याचा प्रश्न. खोकल्याच्या औषधात विष कसं गेलं? याचं उत्तर द्रावण बनवण्याच्या पद्धतीतच आहे.

पॅरासिटामॉल थंड पाण्यात फार कमी विरघळतं. १ एमएल पाण्यात जेमतेम १३-१४ एमजी. पण ५ एमएलमध्ये १२५ एमजी म्हणजे १ एमएलमध्ये २५ एमजी विरघळवायचं असतं. एकट्या पाण्याला ते जमत नाही. म्हणून पाण्यासोबत ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल असे घट्ट, गोडसर, माणसाला चालणारे द्रव वापरतात. औषधासाठी लागणारा हा माल शुद्ध आणि महाग असतो. त्याच्यासारखाच दिसणारा, तसाच गोड, बिनरंगाचा आणि स्वस्त एक द्रव आहे, डायएथिलिन ग्लायकॉल. तो ब्रेक ऑइलसारख्या कारखान्याच्या कामात वापरतात. डोळ्याने, वासाने दोघांतला फरक कळत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. पोटात गेला की हा द्रव किडनी निकामी करतो. औषधात त्याची भेसळ ०.१ टक्क्यापर्यंतच चालते. छिंदवाड्याच्या प्रकरणातल्या, तमिळनाडूत बनलेल्या सिरपमध्ये तिथल्या सरकारी तपासणीत ४८.६ टक्के निघाला. बाटलीत जवळजवळ निम्मं विष.

हे पहिल्यांदा झालं असं नाही, हीच चीड आणणारी बाब आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने पाण्यात न विरघळणारं सल्फा औषध याच द्रवात विरघळवून विकलं आणि शंभरावर माणसं मेली. त्यानंतर १९३८ मध्ये तिथे औषधांचा कडक कायदा आला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले, त्याची न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया देशात सुमारे ७० लेकरं गेली, तेही भारतात बनलेल्या सिरपमुळे असल्याचं समोर आलं. कच्च्या मालाचा प्रत्येक डबा तपासायचा, एवढाच नियम पाळायचा होता.

घरच्या माणसाला हे विष ओळखता येणार नाही, हे खरं. पण दोन गोष्टी हातात आहेत. पहिली, गरज नसताना खोकल्याचं औषध न देणं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या लेकरांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत. सर्दीच्या सिरपमधली क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन ही जोडी चार वर्षांखाली वापरू नये अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. साधा खोकला बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपोआप जातो. कोमट पाणी, एक वर्षावरच्या लेकराला थोडा मध, एवढं पुरतं. श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, लेकरू पीत नसेल तर मात्र सिरपची वाट न बघता दवाखाना.

दुसरी, लक्षणं. औषध सुरू केल्यावर उलट्या, पोटदुखी, सुस्ती आली आणि लघवी कमी झाली किंवा बंद झाली, तर औषध थांबवून ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावं. लेकराने सहा-आठ तासांत लघवी केलीच नाही, ही साधी गोष्ट नाही. सोबत बाटली न्यावी, खोकं आणि बिलही. बाटलीवरचा बॅच नंबर तपासाला लागतो. संशय असेल तर राज्याच्या एफडीएचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५ आहे. बिल नसेल तर बाटली कोणी विकली हे सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून वीस-तीस रुपयांच्या औषधाचंही बिल मागावं.

ओआरएस हेही द्रावणच

जीव वाचवणाऱ्या पातळ औषधांत ओआरएसच्या बरोबरीचं दुसरं क्वचितच असेल. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं मापून केलेलं द्रावण रुग्णांना पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

या द्रावणाची सगळी ताकद मापात आहे. आतड्यातून साखर आत जाताना मिठाला सोबत नेते आणि मिठामागून पाणी जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात २०.५ ग्रॅम क्षार आणि ग्लुकोज लागतं. पाणी कमी घेतलं तर द्रावण कडक होतं, ते उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं आणि हगवण वाढते. जास्त घेतलं तर मीठ कमी पडतं. म्हणून मोठं, सुमारे २१ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम पूर्ण टाकायचं. चार ग्रॅमच्या आसपासचं छोटं पाकीट २०० एमएलला, म्हणजे साधारण एका ग्लासाला. मोठ्या पाकिटातली चिमूट-चिमूट ग्लासात टाकणं चुकीचं. वरून साखर, कोल्ड्रिंक काही घालू नये. तयार झालेलं २४ तासांत संपवावं, उरलेलं फेकावं.

दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० एमएल, त्याहून मोठ्याला १०० ते २०० एमएल, घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्याने. दुकानात डब्यांतली गोड पेयं ओआरएस म्हणून विकली जात होती, त्यात साखर फार. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी केली. खरं पाकीट आशाताईकडे आणि आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळतं. सोबत झिंक मिळतं, ते जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यायचं.

ठेवायचं कुठे

बहुतेक बाटल्यांवर ‘३० अंशांखाली ठेवा’ लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ अंश आणि टिनाच्या घरात त्याहून जास्त. खिडकीत, चुलीजवळ, गाडीच्या डिक्कीत बाटली ठेवू नये. घरातली सर्वात थंड, अंधारी आणि लेकरांचा हात न पोचणारी जागा शोधावी. फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं असेल तरच तिथे, आणि बर्फाच्या कप्प्यात नाही. सस्पेंशन गोठलं की कणांच्या गाठी होतात आणि मग कितीही हलवलं तरी सारखं होत नाही. आरपार औषध गढूळ झालं, रंग बदलला, आंबट वास आला, तळाशी न मोडणारा गोळा बसला, तर तारीख शिल्लक असली तरी ते टाकून द्यावं.

डोळ्यांचे थेंब ही वेगळी जात. ते जंतुरहित द्रावण असतं, म्हणून उघडल्यावर बहुतेक चार आठवड्यांत टाकून द्यायचं असतं. नळीचं टोक डोळ्याला किंवा बोटाला लागू देऊ नये, एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. कानाचे थेंब डोळ्यात कधीच नाही. दोन्ही बाटल्या एकसारख्या दिसतात, म्हणून घरी आणल्याबरोबर मोठ्या अक्षरात ‘कान’ किंवा ‘डोळा’ लिहिलेली चिकटपट्टी लावावी. अंधारात, लाईट गेल्यावर ती कामी येते.